सीमा आखणारे आणि शब्द देणारे

भंडाऱ्याहून नागपूरचा रस्ता धरला की थोड्याच वेळात शहापूर लागते. गावाजवळून जाणारा महामार्ग राष्ट्रीय, म्हणजे केंद्राच्या अखत्यारीतला. शेजारी जवाहरनगरला साठच्या दशकात उभी राहिलेली आयुध निर्माणी आहे, आणि संरक्षण हा विषयही केंद्राचाच. बांधीतल्या धानाचा सातबारा, चौकीतला हवालदार आणि कालव्याचे पाणी राज्याचे. दिवाबत्ती आणि नळ ग्रामपंचायतीचे. घटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या याद्या आणि त्र्याहत्तराव्या दुरुस्तीने आलेली अकरावी अनुसूची इथे चार पावलांच्या अंतरात बघायला मिळते. हे गाव जागचे कधी हलले नाही, पण त्याचे राज्य मात्र सतत बदलत आले. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक वारले आणि गव्हर्नर जनरल डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला, १९०३ मध्ये त्याला वऱ्हाड जोडला गेला. १९५० मध्ये त्याचेच नाव मध्य प्रदेश झाले, १ नोव्हेंबर १९५६ ला हा मुलूख द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आला. राज्यघटना अमलात आल्यापासून साडेदहा वर्षांच्या आत भंडारा जिल्ह्याने तीन राज्ये पाहिली, आणि पन्नासेक किलोमीटरवरची नागपूरची राजधानी आठशे किलोमीटरपलीकडे मुंबईला गेली.

संघराज्याची घटना कशी असावी यावर आपल्याकडे भरपूर लिहिले गेले आहे. पण ती चर्चा बहुतेक वेळा केंद्राकडे किती अधिकार आणि राज्यांकडे किती, एवढ्यावर थांबते. भंडाऱ्याचा इतिहास समोर ठेवला की एक दुसराच प्रश्न मोठा होतो. राज्याची सीमा बदलण्याचा अधिकार ज्याच्या हाती आहे, तो बदल करताना तिथल्या माणसांना दिलेला शब्द पाळण्याचे बंधन त्याच्यावर आहे काय? माझे म्हणणे असे आहे की आपल्या घटनाकारांनी सीमा बदलण्याचा अधिकार संसदेला दिला, तो विचारपूर्वक दिला आणि योग्यच दिला. मात्र त्या अधिकाराच्या जोडीला यायला हवे होते ते बंधन घटनेत आले नाही. ते नेत्यांच्या करारांवर सोपवले गेले, आणि विदर्भाची पुढची साठ-सत्तर वर्षांची तक्रार त्या एका उणिवेतून निघाली.

आधी अधिकाराबद्दल. अमेरिकेत तेरा वसाहती आधी होत्या, संघराज्य नंतर झाले. म्हणून तिथल्या घटनेत एखाद्या राज्याच्या हद्दीत नवे राज्य काढायचे तर त्या राज्याच्या विधिमंडळाची संमती लागते. मध्य प्रांताची गोष्ट अगदी उलटी आहे. नागपूर प्रांत आणि सागर-नर्मदेचा मुलूख इंग्रजांनी कारभाराच्या सोयीसाठी एका माळेत ओवले. वऱ्हाड तर निजामाचा. १९०२ च्या करारान्वये तो कायमच्या भाडेपट्ट्याने घेऊन या प्रांताला लावला. धान पिकवणारा मराठी भंडारा, कापूस पिकवणारा अमरावती, हिंदी बोलणारे जबलपूर आणि छत्तीसगड यांना कोणी एकत्र यायचे आहे का म्हणून विचारले नव्हते. अशा प्रांताला करारातला पक्षकार मानून त्याच्या सीमांना पावित्र्य द्यायचे, तर तो मान लोकांना न मिळता एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या नकाशाला मिळाला असता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न घटना समितीच्या बऱ्याच आधी हाताळला होता. १९३५ च्या कायद्यात जे संघराज्य आखले होते त्यात प्रांतांना सामील होणे सक्तीचे आणि संस्थानिकांना ऐच्छिक होते. २९ जानेवारी १९३९ रोजी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत दिलेल्या व्याख्यानात त्यांनी या रचनेची चिरफाड केली. जबाबदार राज्यपद्धती असलेले प्रांत आणि प्रजेला मताचा अधिकार नसलेली संस्थाने एका गाड्याला जुंपली तर स्वातंत्र्याचीच वाट अडेल, हा त्यांचा मुद्दा होता. पुढे ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी ‘फेडरेशन’ऐवजी ‘युनियन’ हा शब्द का घेतला ते सांगितले: हा संघ घटकांच्या आपसातल्या करारातून जन्मलेला नाही आणि म्हणून कोणत्याही घटकाला त्यातून फुटून निघण्याचा हक्क नाही. दोन वर्षांपूर्वी, डिसेंबर १९४६ मध्ये मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावात शेषाधिकार घटकांकडे राहतील असे होते. फाळणी नक्की झाली आणि १९४७ च्या जुलैपर्यंत विचार पालटला; मजबूत केंद्र आणि केंद्राकडे शेषाधिकार ही दिशा ठरली.

सीमा बदलण्याचा अधिकार देणाऱ्या तिसऱ्या अनुच्छेदाचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. १९४८ च्या मसुद्यात सीमाबदलाच्या विधेयकाआधी संबंधित राज्याच्या विधिमंडळाचा ठराव, किंवा त्या भागातल्या बहुसंख्य प्रतिनिधींची मागणी हवी होती. संस्थानी राज्यांच्या बाबतीत तर पूर्वसंमती आवश्यक होती. अंतिम घटनेत हे दोन्ही गेले. राष्ट्रपतींची शिफारस आणि विधिमंडळाचे मत मागवणे एवढेच उरले. डिसेंबर १९५५ च्या पाचव्या घटनादुरुस्तीने त्या मतालाही मुदत घातली. मग १९५६ च्या मूळ विधेयकात महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई असे तीन घटक होते, ते लोकसभेने ऑगस्टमध्ये बदलून एकच द्विभाषिक राज्य केले. बदललेला प्रस्ताव पुन्हा विधिमंडळाकडे पाठवायला हवा होता, असे म्हणत बाबूलाल पराते विरुद्ध मुंबई राज्य हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९५९ मध्ये न्यायालयाने सांगितले की एकदा मत मागवले की पुरे. संसद त्या मताला बांधलेली नाही आणि दुरुस्त विधेयक परत पाठवण्याची गरज नाही.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: ज्या संघात केंद्र हवे तेव्हा राज्य मोडू शकते, त्याला संघराज्य म्हणायचे तरी कसे? आक्षेप वजनदार आहे. तरी इतिहासाचा कौल मला दुसरीकडे दिसतो. नायजेरिया १९६० मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा तिथे तीन प्रांत होते आणि उत्तरेचा एकटा प्रांत बाकी दोघांना भारी होता. प्रांतांच्या संमतीवाचून नकाशा बदलणे जवळजवळ अशक्य. १९६३ मध्ये एक चौथा प्रांत निघाला, तेवढाच. अखेर १९६७ मध्ये लष्करी राजवटीने एका फटक्यात बारा राज्ये केली, तोवर बियाफ्राचे युद्ध दाराशी येऊन ठेपले होते. घटकांच्या आकारातली हीच विषमता १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाचे सदस्य सरदार के. एम. पणिक्कर यांना खटकली होती, आणि उत्तर प्रदेशाबद्दल त्यांनी वेगळे टिपण जोडले. बाबासाहेबांनीही त्याच वर्षी भाषावार राज्यांवरच्या पुस्तकात उत्तर प्रदेशाचे तीन भाग सुचवले. आपल्याकडे राज्ये जोडली-तोडली गेली ती संसदेत कायदा करून, आणि हे श्रेय तिसऱ्या अनुच्छेदाचे आहे. मध्य प्रांताला नकाराधिकार असता तर भंडारा, चांदा, वर्धा हे मराठी जिल्हे मराठी राज्यात आलेच असते असे छातीठोकपणे कोणी सांगू शकणार नाही.

आता त्या अधिकाराची दुसरी बाजू. मराठी माणसांनी स्वतः एक संघीय रचना आखली होती, हे आज फारसे कोणाच्या लक्षात नसते. १ ऑक्टोबर १९३८ ला मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेने वेगळ्या विदर्भ प्रांताचा ठराव केला. त्यानंतर संयुक्त महाराष्ट्राची मागणी जोर धरू लागली तेव्हा या दोन प्रवाहांचा मेळ कसा घालायचा हा पेच उभा राहिला. ८ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याला आठवडा राहिला असताना, अकोल्यात शंकरराव देव, धनंजयराव गाडगीळ, ब्रिजलाल बियाणी, पंजाबराव देशमुख आदी मंडळींनी करार केला. त्याचा गाभा असा: प्रांत एक, पण त्यात पश्चिम महाराष्ट्र आणि महाविदर्भ असे दोन उपप्रांत, प्रत्येकाला आपले विधिमंडळ, आपले मंत्रिमंडळ. म्हणजे संघाच्या पोटात आणखी एक छोटा संघ. भावनेच्या भरात लिहिलेला हा कागद नव्हता. आर्थिक विषमता असलेल्या दोन भागांनी एकत्र यायचे तर दुबळ्याच्या हाती स्वतःची तिजोरी आणि स्वतःचा सभागृहातला आवाज राहिला पाहिजे, हे त्यातून स्पष्ट कळत होते. गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ सह्या करणाऱ्यांत होता, हे इथे आठवावे. त्या काळच्या भारतात भाषावार प्रांतांची मागणी करणारे पुष्कळ होते. एका भाषेच्या पोटातल्या असमानतेचा घटनात्मक इलाज शोधणारे विरळा.

तो इलाज घटनेत उतरला नाही. प्रांताच्या आत उपप्रांत ही कल्पना घटना समितीने आसामच्या डोंगरी भागांपुरती मान्य केली. सहाव्या अनुसूचीत स्वायत्त जिल्हा परिषदा आल्या, त्यांना कायदे करण्याचे काही अधिकार मिळाले. बाकी देशासाठी राज्य हाच शेवटचा अखंड घटक ठरला. अकोल्याच्या कराराची जागा २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने घेतली. भाऊसाहेब हिरे, यशवंतराव चव्हाण, रामराव देशमुख, रा. कृ. पाटील, शेषराव वानखेडे, गोपाळराव खेडकर अशांच्या त्यावर सह्या आहेत. दोन कागद शेजारी ठेवले की सहा वर्षांत काय निसटले ते दिसते. अकोल्यात सत्ता विभागली होती. नागपुरात आश्वासने वाटली गेली. लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च, नोकऱ्यांत आणि उच्च शिक्षणाच्या प्रवेशांत वाटा, दरवर्षी विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात, उच्च न्यायालयाचे काम नागपुरातही. कलमे चांगली होती. पण ती मोडली तर दाद कुठे मागायची, याचे उत्तर करारात नव्हते.

याच सुमारास भंडाऱ्याचे नाव देशभर झाले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबईत पराभूत झालेले बाबासाहेब १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीला उभे राहिले. मतदारसंघ दुहेरी होता: एक सर्वसाधारण जागा, एक राखीव, आणि प्रत्येक मतदाराला दोन मते. सर्वसाधारण जागा प्रजासमाजवादी पक्षाच्या अशोक मेहतांनी जिंकली. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले आणि बाबासाहेब आठ हजारांच्या आसपास मतांनी हरले. दुसरे मत वाया घालवण्याचा सल्ला कार्यकर्त्यांना द्यावा असे काहींनी त्यांना सुचवले आणि त्यांनी ते नाकारले, असे सांगतात. दुहेरी मतदारसंघ ही एक घटनात्मक युक्ती होती: दलित प्रतिनिधी सभागृहात यावा, पण सगळ्यांच्या मतांनी यावा. बहुसंख्य समाजाच्या मर्जीवर दुबळ्याचे प्रतिनिधित्व टांगून ठेवले की काय होते, हे घटनेच्या शिल्पकाराला भंडाऱ्याच्या मतपेटीने दाखवले. पुढच्याच वर्षी लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी भाषावार राज्यांत अल्पसंख्य जातींचे काय होईल याची काळजी वारंवार व्यक्त केली आणि मराठी मुलखासाठी चार राज्ये सुचवली: मुंबई शहर, पश्चिम, मध्य आणि पूर्व महाराष्ट्र. लहान राज्यात लहान समूहाचे वजन वाढते, हा त्यामागचा एक हिशेब होता. भंडाऱ्याच्या पराभवातूनच हा विचार आला असे म्हणणे ओढूनताणून होईल; १९४८ पासून ते या प्रश्नावर लिहीत होते. मात्र भंडाऱ्याचा अनुभव त्या विचाराशी विसंगत नव्हता, एवढे नक्की.

३० सप्टेंबर १९५५ ला फजल अलींच्या राज्य पुनर्रचना आयोगाने अहवाल दिला. बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा आणि चांदा अशा आठ जिल्ह्यांचे, सुमारे ७६ लाख वस्तीचे विदर्भ राज्य करावे आणि ते आपल्या पायावर उभे राहू शकेल, असे आयोगाने म्हटले. संसदेने शिफारस मानली नाही. संसदेचा तो अधिकार होता. प्रश्न पुढचा आहे, आणि त्यासाठी १९५६ चा राज्य पुनर्रचना कायदाच उघडून पाहावा लागतो.

त्या कायद्याच्या ११५ व्या कलमात मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आलेल्या सरकारी नोकरांची व्यवस्था आहे. केंद्र सरकारच्या पूर्वमंजुरीवाचून त्यांच्या सेवाशर्ती त्यांच्या तोट्याच्या होतील अशा बदलता येणार नाहीत, असे तिथे लिहिले आहे. ११९ वे कलम सांगते की भूप्रदेश नव्या राज्यात गेला तरी तिथला जुना कायदा रीतसर बदलेपर्यंत चालू राहील. ही दोन कलमे साधी वाटतात, पण त्यांचा परिणाम आजही तहसील कचेरीत हाताला लागतो. भंडारा हा तलावांचा जिल्हा. मालगुजारांच्या काळात बांधलेल्या तळ्यांना लोक अजून मामा तलाव म्हणतात, माजी मालगुजारीचे ते संक्षिप्त रूप. १९५०-५१ मध्ये मध्य प्रदेशाने मालगुजारी रद्द केली. गावकऱ्यांचे वहिवाटीचे हक्क, म्हणजे कोणाच्या बांध्या तळ्याच्या पाण्यावर भिजायच्या, वाट कुठून, मासळी कोणी धरायची, चराई आणि जळाऊ लाकूड कुठून, हे वाजिब-उल-अर्ज आणि निस्तारपत्रक या कागदांत नोंदलेले असे. सीमा बदलली तरी मध्य प्रदेशाचा जमीन महसूल कायदा इथे चालू राहिला. १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता आली तेव्हा निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांचे विदर्भापुरते वेगळे प्रकरण तिच्यात घालावे लागले. मुंबई-पुण्याच्या महसुली परंपरेत हे शब्द नाहीत. तलाठ्याला या भागात अजून पटवारी म्हणतात, तसे हे शब्दही टिकले, आणि शब्दांबरोबर हक्कही. कारण त्या हक्काला कायद्याचा आधार होता.

नोकरांच्या सेवाशर्तींना असा आधार मिळाला, तळ्याच्या पाण्याला मिळाला. ७६ लाख लोकांच्या विकासाच्या वाट्याला मात्र मिळाला नाही. सातव्या घटनादुरुस्तीने ३७१(२) हा अनुच्छेद आला, पण त्यातले क्रियापद पाहा. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळे, निधीचे समन्यायी वाटप, तंत्रशिक्षण आणि नोकऱ्यांच्या संधी यांची विशेष जबाबदारी राष्ट्रपती राज्यपालांवर सोपवू ‘शकतील’. सोपवतील असे त्यात नाही. त्या एका शब्दामुळे अडतीस वर्षे मंडळे झाली नाहीत. मधल्या काळात अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांच्या समितीने १९८४ मध्ये हिशेब मांडला: राज्यातला एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये, त्यात विदर्भाचा सुमारे १,२४७ कोटी. मंडळे अखेर १९९४ मध्ये स्थापन झाली.

इथे दुसरा आक्षेप येतो. प्रदेशाच्या वाट्याला घटनात्मक सक्ती दिली तर राज्याच्या पोटात राज्ये उभी राहतील आणि शेवटी तुटतील. दाखला मेघालयाचा देता येतो: १९६९ च्या बाविसाव्या दुरुस्तीने आसामच्या अंतर्गत स्वायत्त राज्याची सोय झाली, १९७० मध्ये ते आले आणि १९७२ मध्ये पूर्ण राज्य होऊन बाहेर पडले. हा दाखला मी टाळणार नाही. पण त्याच्या शेजारी तेलंगणाचा ठेवावा. फेब्रुवारी १९५६ चा तिथला ‘सभ्य गृहस्थांचा करार’ नागपूर कराराचाच भाऊ. कलमे तशीच, सक्तीचा अभाव तसाच. तो मोडला, आंदोलने झाली, माणसे गेली, आणि जानेवारी २०१४ मध्ये आंध्रच्या विधानसभेने विधेयक फेटाळल्यावरही संसदेने २ जून २०१४ पासून वेगळे राज्य केले. मेघालय शांततेने वेगळे झाले, तेलंगण अठ्ठावन्न वर्षांच्या कडवटपणानंतर. सक्तीचे वचन राज्य फोडते आणि मोकळे वचन जोडून ठेवते, असे हे दोन दाखले तरी सांगत नाहीत.

तिसरे म्हणणे वेगळ्या विदर्भाच्या बाजूचे: मंडळे, करार सोडा, राज्यच द्या म्हणजे प्रश्न मिटेल. मला ते पुरेसे वाटत नाही, आणि त्याचे कारण शहापूरच्याच पंचक्रोशीत आहे. विदर्भ हा एकजीव प्रदेश नाही. वैनगंगेकाठचा धानाचा पट्टा आणि पश्चिमेचा कापसाचा पट्टा यांची पाण्याची गरज वेगळी, बाजार वेगळा, राजकारणातले वजन वेगळे. याच नदीवरच्या गोसेखुर्दच्या धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ ला झाली, २००९ मध्ये ते राष्ट्रीय प्रकल्प झाले, तरी कालव्यांचे काम पिढीभर रेंगाळले. राजधानी नागपूरला आली तर अंतर कमी होईल, हे खरे. पण पवनी किंवा लाखांदूरच्या शेतकऱ्याला नागपूरकडून आपला वाटा वसूल करण्याचे साधन तेव्हाही लागेलच. सीमा कितीही लहान केली तरी तिच्या आत बलवान आणि दुबळे असतातच. वैनगंगा स्वतः सिवनीहून येते; १९५६ पर्यंत तिचा उगम आणि भंडाऱ्याचा काठ एका प्रांतात होते, नंतर दोन राज्यांत गेले. तुमसर तालुक्यातल्या सीतेकसाच्या बावनथडी धरणासाठी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांना आंतरराज्य करार करावा लागला. तो राबवायला दशके लागली, पण दोन राज्यांमधल्या पाणीतंट्याला निदान लवाद आहे, गोदावरीच्या खोऱ्यासाठी तो बसलाही. एकाच राज्यातल्या दोन प्रदेशांत पाण्यावरून वाद झाला तर हा आंतरराज्य लवाद मिळत नाही.

विदर्भ विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. २७ सप्टेंबर २०२२ ला राज्याच्या मंत्रिमंडळाने तिन्ही मंडळे पुन्हा स्थापन करण्याचा निर्णय घेतला. त्यावर आदेश काढायचा तो राष्ट्रपतींनी, कारण ३७१(२) मध्ये अधिकार त्यांचा आहे, आणि त्या अनुच्छेदात १९५६ चेच क्रियापद आहे. निस्तारपत्रकाच्या प्रकरणाला मात्र मुदत नाही. भंडाऱ्याच्या तळ्याकाठी ते आजही लागू आहे.